अठराव्या शतकातला स्कॉटिश पूर्वज शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडमध्ये सासर असलेल्या मराठी मुली, स्कॉटिश आडनाव लावणारी मुंबई-पुण्याची जुनी घराणी आणि कंपनी सरकारच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या मागावर असलेले अभ्यासक यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. आधी नेहमीचे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे फक्त एक नाव आहे आणि "जन्म १७६० च्या सुमारास" एवढीच ऐकीव माहिती. सुरुवात कुठून करू?

आपल्यापासून. आधी घरातले दाखले गोळा करा आणि एकेक पिढी मागे जा. १७६० साली त्या नावाचं कोण जन्मलं हे थेट शोधायला गेलात, तर कुणीतरी नक्की सापडेल, पण तो तुमचाच आहे हे कधीच सिद्ध होणार नाही.

१ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. या मृत्यूनोंदींत मृताच्या आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. १८५८ साली ८३ व्या वर्षी एखादी आजी वारली असेल, तर तिच्या एका नोंदीतून तुम्ही १७७५ च्या आसपासच्या जोडप्यापर्यंत पोचता. १८५५ या पहिल्या वर्षाचे रकाने तर फारच भरगच्च होते: जन्मगाव, जोडीदार, सगळ्या मुलांची नावं आणि वयं, दफनाची जागा. पुढच्याच वर्षी रकाने कमी झाले.

तुमचा थेट पूर्वज १८५५ च्या आधीच गेला असेल तरी निराश होऊ नका. त्याचा एखादा धाकटा भाऊ किंवा बहीण १८५५ नंतर वारली का ते पाहा, आईवडील तेच. ही वाट मी सगळ्यांना आग्रहाने सांगते, कारण बहुतेक जण सरळ रेषेतच शोधत राहतात आणि अडकतात. फक्त मृत्यूची माहिती देणारा नातू किंवा शेजारी असेल, तर त्याने सांगितलेली नावं चुकीची असू शकतात, हे ध्यानात ठेवा. १८५१ ची जनगणनाही पाहा, तिच्यात माणसाचं जन्माचं पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा विभाग) लिहिलेलं असतं.

२. १८५५ च्या आधी नोंदी कोण ठेवत होतं?

चर्च ऑफ स्कॉटलंड. देश सुमारे ९०० पॅरिशांत विभागलेला होता आणि प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मे, लग्नं आणि क्वचित दफनं वहीत उतरवली जात. लिहिणारा बहुतेक वेळा गावचा शाळामास्तरच असे. सर्वांत जुनी वही पर्थशरमधल्या एरॉल गावची, १५५३ पासूनची.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जशी घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती एका जागी मिळते, तसं इथे नाही. या वहीत घराणं नसतं, सुटे प्रसंग असतात: आज अमक्याचं मूल, उद्या तमक्याचं लग्न. ते जोडायचं काम आपलं. म्हणून माणसाच्या नावाइतकंच पॅरिशचं नाव महत्त्वाचं. पॅरिश कळलं की निम्मी लढाई जिंकली.

३. हे सगळं भारतात बसून ऑनलाइन पाहता येतं का? पैसे पडतात का?

बरंचसं पाहता येतं. 'स्कॉटलंड्स पीपल' हे सरकारी संकेतस्थळ मुख्य. तिथे खातं उघडणं आणि सूचीत शोधणं फुकट आहे. जुन्या पॅरिश वहीच्या पानाचं चित्र उघडायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. किर्क सेशनच्या वह्या मात्र तिथे फुकट चाळता येतात (प्रश्न ७). 'फॅमिलीसर्च'वरची सूचीही मोफत आहे, पण ती फक्त दिशा दाखवते. कोणत्याही सूचीवर थांबू नका, पान उघडा. साक्षीदार, शेतवाडीचं नाव आणि बापाचा धंदा सूचीत अनेकदा येतच नाहीत. एडिनबराला जाणं झालंच, तर तिथल्या जनरल रजिस्टर हाउस या सरकारी दप्तरखान्यात दिवसाचं शुल्क भरून हवं तेवढं पाहत बसता येतं.

४. बाप्तिस्म्याची नोंद सापडली, पण दहा वर्षांत त्याच पॅरिशमध्ये त्याच नावाचे तिघे निघाले. आमचा कोणता?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

एक नमुना घेऊ. नावं कल्पित आहेत, धाटणी खरी: "मे १२, मिलटन इथला विणकर जॉन रीड आणि त्याची बायको एल्स्पेट मिल यांना मुलगी झाली, नाव जॅनेट. साक्षीदार अलेक्झांडर मिल आणि जेम्स रीड." या ओळींत शोधाची चार टोकं आहेत. मिलटन ही शेतवाडी. आसपासच्या वर्षांत मिलटनमध्येच आणखी मुलं झाली का पाहा. विणकर हा धंदा. दुसरा जॉन रीड सुतार असेल तर तो वेगळा माणूस असण्याचा संभव मोठा. आईचं पूर्ण नाव. स्कॉटलंडमध्ये बायका लग्नानंतरही माहेरचं नाव कागदोपत्री टिकवत, त्यामुळे आईबापांची जोडी हीच खरी ओळख. आणि साक्षीदार, जे पुष्कळदा मामा, काका किंवा आजोबा असतात.

त्यानंतर एका जोडप्याची सगळी मुलं एका कागदावर क्रमाने मांडा. नाव ठेवण्याची एक रूढ पद्धत होती. थोरल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला बापाचं स्वतःचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं, तिसरीला आईचं. ही पद्धत सगळ्यांनी पाळली असं मुळीच नाही, पण पाळली असेल तर आजोबा-आजीच्या नावांचा चांगला अंदाज येतो. तो अंदाजच धरा, पुरावा म्हणून वापरू नका. याच पद्धतीमुळे चार भावांच्या घरी एकाच नावाचे चार नातू होतात आणि तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एकाच आईबापांना जॉन नावाचा मुलगा १७५८ साली आणि पुन्हा १७६१ साली झालेला दिसला, तर पहिला बहुधा दगावला. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवत. म्हणून पहिली नोंद मिळाली की थांबायचं नाही, पुढची काही वर्षं चाळायचीच.

५. लग्नाच्या दोन नोंदी मिळाल्या. गावं वेगळी, तारखाही वेगळ्या. खरी कोणती?

दोन्ही खऱ्या असू शकतात. लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर घोषणा करावी लागे. नवरा आणि नवरी वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर घोषणा दोन्हीकडे होई आणि दोन्हीकडे लिहिली जाई. वहीतली तारीख लग्नाचीच असेल असं नाही. ती घोषणेची किंवा नाव नोंदवल्याची असू शकते. लग्न बहुधा नवरीच्या गावी लागे. दोन्ही पानं उघडा, कारण एका ठिकाणी नवरीच्या बापाचं नाव असतं आणि दुसऱ्या ठिकाणी नसतं, असं पुष्कळदा घडतं.

६. पॅरिश माहीत आहे, वर्षं माहीत आहेत, तरी बाप्तिस्मा किंवा लग्नाची नोंदच नाही. का?

कारणं बरीच आहेत आणि प्रत्येकाची पुढची वाट निराळी.

पहिलं, वहीच शिल्लक नसेल किंवा उशिरा सुरू झाली असेल. स्काय बेटावरच्या पॅरिशांच्या वह्या साधारण १८०० पासून पुढेच सुरू होतात. तिथे अठराव्या शतकातला बाप्तिस्मा शोधण्यात वेळ घालवू नका, थेट प्रश्न १० कडे वळा.

दुसरं, पैसे. १७८३ साली सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला. गरिबांना सूट होती, तरी अनेकांनी नोंद करायचंच टाळलं. कर १७९४ साली उठला. या अकरा वर्षांतलं मूल सापडत नसेल तर आधी हेच कारण समजा आणि त्याची भावंडं शोधा.

तिसरं, घर वेगळ्या पंथाचं असेल. १७३३ साली सिसेशन आणि १७६१ साली रिलीफ असे फुटीर गट मूळ चर्चमधून बाहेर पडले. एपिस्कोपल (बिशप मानणारे प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिक तर होतेच. यांच्या वह्या वेगळ्या. कॅथलिक वह्याही प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या सरकारी संकेतस्थळावर आहेत.

चौथं, लग्न चर्चबाहेर झालं असेल. स्कॉटलंडच्या कायद्यात दोघांनी परस्परांना नवराबायको म्हणून स्वीकारलं की लग्न वैध होई. पाद्री लागत नसे. इंग्लंडमध्ये १७५४ पासून नियम कडक झाले, तशी पळून आलेली इंग्लिश जोडपी सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला लग्न उरकू लागली, ती याच कायद्याच्या आधारावर. अशा लग्नाची नोंद कुठेच नसणं स्वाभाविक आहे. पण चर्चला ते कळलं की जोडप्याला बोलावून जाब विचारला जाई, आणि तो जबाब पुढच्या प्रश्नातल्या वह्यांत सापडतो.

७. किर्क सेशन म्हणजे नेमकं काय? त्या वह्यांचं इतकं कौतुक का?

किर्क सेशन म्हणजे पॅरिशचा पाद्री आणि निवडलेले एल्डर, म्हणजे गावातले चर्चचे जबाबदार सभासद, यांची बैठक. गावाची नीतिमत्ता, गरिबांची मदत आणि चर्चचा पैसा, तिन्ही त्यांच्या हातात. अठराव्या शतकातल्या सामान्य स्कॉटिश माणसाचं बोलणं ऐकायचं असेल, तर याहून चांगली जागा नाही. माझं ठाम मत आहे की जो शोधक या वह्यांपर्यंत पोचला नाही त्याने शोध अर्धाच केला.

लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला बैठकीपुढे उभं केलं जाई आणि मुलाचा बाप कोण ते विचारलं जाई. ती नाव सांगे, मग त्याला बोलावणं जाई, तो कबूल करी किंवा नाकारी, आणि हे सगळं तारीखवार लिहिलं जाई. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव कोरं असेल किंवा मूल अनौरस म्हटलं असेल, तर ते नाव इथे मिळण्याची शक्यता चांगली असते. वाचताना त्या मुलींबद्दल वाईट वाटतं. मालकाच्या घरी कामाला असलेल्या कितीतरी मुली त्यांत आहेत.

कवी रॉबर्ट बर्न्सही यातून सुटला नाही. १७८६ साली त्याला आणि जीन आर्मरला एअरशरमधल्या मॉखलिनच्या चर्चमध्ये सर्वांसमोर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ऑगस्ट १७८८ मध्ये त्याच किर्क सेशनने दोघांचं चर्चबाहेरचं लग्न मान्य केलं, आणि ते आजही वहीत वाचता येतं.

या वह्यांत आणखी दोन गोष्टी डोळसपणे शोधा. एक म्हणजे दाखला: पॅरिश सोडून जाणारा माणूस पाद्रीकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेई आणि नव्या पॅरिशमध्ये दाखवी. हे कुटुंब कुठून आलं हे कधी कधी या एका ओळीने सुटतं. दुसरी म्हणजे हिशेबाची पानं: कुणाला किती मदत दिली, कुणाकडून किती दंड घेतला, आणि प्रेतावर घालायचं कापड कुणाला भाड्याने दिलं.

वह्यांना नावांची सूची नसते, पान पान उलटावं लागतं. म्हणून आधी वर्ष पक्कं करा.

८. मृत्यूची तारीख कशी मिळेल?

दफनाच्या वह्या फार विस्कळीत आहेत, अनेक पॅरिशांनी त्या ठेवल्याच नाहीत. वर सांगितलेलं कापड म्हणजे मॉर्टक्लॉथ. ते चर्चच्या मालकीचं असे आणि त्याचं भाडं गरिबांच्या निधीत जाई. भाडं जमा केल्याची तारीख ही मृत्यूची जवळची तारीख. मात्र हिशेबात कधी कधी मृताचं नाव न लिहिता पैसे भरणाऱ्या मुलाचं किंवा जावयाचं नाव लिहिलेलं असतं.

थडग्यावरचे लेख स्थानिक कुलवृत्तान्त मंडळांनी मोठ्या प्रमाणावर उतरवून ठेवले आहेत. तिथेही बायकोचं माहेरचं आडनाव सापडतं. पण दगड लावायला पैसा लागे, त्यामुळे गरिबाचा दगड शोधत बसू नका.

९. मृत्युपत्र असेल का? जमीन होती असं घरात सांगतात.

स्कॉटलंडमध्ये जंगम आणि स्थावर मालमत्तेच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या होत्या. हे नीट समजलं नाही तर चुकीच्या दप्तरात वर्षं जातात.

जंगम म्हणजे गुरं, धान्य, हत्यारं, येणी-देणी. त्यासाठी टेस्टामेंट, जी कमिसरी कोर्टात नोंदली जाई. माणसाने इच्छा लिहून ठेवली नसेल तरी कोर्ट व्यवस्थापक नेमत असे आणि मालाची यादी करवून घेई. मृत्यूनंतर काही वर्षांनीही ती नोंदवलेली आढळते. टेस्टामेंटची सूची प्रश्न ३ मधल्या संकेतस्थळावर आहे.

स्थावर जमीन १८६८ पर्यंत मृत्युपत्राने देताच येत नसे. ती बहुधा थोरल्या मुलाकडे जाई, आणि त्याला पंचांपुढे आपण वारस असल्याचं शाबीत करावं लागे. या वारसनोंदींची १७०० ते १८५९ ची छापील सूची आहे. मूळ कागद लॅटिनमध्ये असले तरी सूची इंग्रजीत आहे. नातू आजोबांचा वारस ठरला असेल, तर एका ओळीत तीन पिढ्या हाती लागतात. जमिनीचा ताबा बदलल्याची नोंद सेझिन नावाच्या दप्तरात, १६१७ पासून. १७८१ पासूनचे गोषवारे छापलेले आहेत.

एक सावधगिरी: "जमीन होती" या घरगुती आठवणीचा अर्थ बहुतेक वेळा "जमीन कसत होते" असा निघतो. तसं असेल तर पुढचा प्रश्न तुमचा.

१०. पूर्वज साधा कूळ किंवा मजूर होता. त्याचा माग कसा लागणार?

जमीनदाराच्या दप्तरात. खंडाच्या वह्या, कुळांच्या याद्या आणि पट्टे पाहायचे. १७४५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) उठावानंतर जप्त होऊन सरकारकडे आलेल्या जहागिरींची १७५५-५६ च्या सुमारास पाहणी झाली, तिच्यात कुळांची नावं आहेत. १७७९ साली ड्यूक ऑफ आर्गाइलने आपल्या जमिनीवरच्या रहिवाशांची यादी करवून घेतली; ती छापलेली आहे आणि त्या भागासाठी अमोल आहे.

करांच्या याद्याही उपयोगी. पुरुष नोकरांवरचा कर १७७७ पासून होता, त्यात मालकाबरोबर नोकरांचीही नावं येतात. १७९७-९८ च्या शेतीच्या घोड्यांवरच्या करात छोटे शेतकरी सापडतात. या याद्या ऑनलाइन पाहता येतात.

शेतवाडीचं नाव आजच्या नकाशावर नसेल तर विल्यम रॉयच्या लष्करी पाहणीचा नकाशा उघडा. १७४७ ते १७५५ मध्ये मुख्य भूमीची पाहणी करून तो काढला. बेटं त्यात नाहीत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर तो आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतो. आणि त्या गावात लोक काय खात, काय पिकवत, मजुरी किती होती हे जाणून घ्यायचं असेल तर सर जॉन सिंक्लेअरने पाद्र्यांकडून लिहवून घेतलेला, १७९१ ते १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेला पॅरिशवार वृत्तान्त वाचा. पूर्वजाचं नाव त्यात बहुधा नसेल, त्याचं जग मात्र आहे.

११. आडनाव दर कागदावर वेगळं दिसतं. हीच माणसं कशावरून?

अठराव्या शतकात आडनावाचं स्पेलिंग ठरलेलं नव्हतं. रॉबर्ट बर्न्सचे वडील नावात 'ई' अक्षर घालत, मुलाने ते गाळलं. त्याच्याच नात्यातला आणि मुंबईत डॉक्टर म्हणून नोकरी केलेला जेम्स बर्न्स मात्र ते 'ई' शेवटपर्यंत लावत राहिला. शोधताना अक्षराऐवजी तारका चिन्ह वापरा. 'मॅक' पूर्ण, अर्धं आणि अजिबात न लावता, अशा तिन्ही तऱ्हांनी पाहा. पहिली नावंही बदलतात: डोनल्डचा डॅनियल होतो, पॅट्रिकचा पीटर, जीनची जेन.

शेटलंडमध्ये त्या शतकात पुष्कळ घरांत बापाच्या नावावरून आडनाव पडे, म्हणजे ते दर पिढीला बदले. आणि हायलँडमधल्या मॅकग्रेगर घराण्यावर तर त्यांचं नाव लावायलाच बंदी होती: १६०३ साली घातली, १६६१ साली उठवली, १६९३ साली पुन्हा घातली, १७७४ साली कायमची गेली. त्यांच्यातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय याने आईचं कॅम्बेल हे आडनाव लावलं होतं. म्हणून पर्थशरमधला तुमचा कॅम्बेल किंवा ड्रमंड एका टप्प्यानंतर गायब झाला, तर ही शक्यता तपासा.

१२. आमच्या क्लॅनचं (कुळाचं) टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, आणि मानचिन्ह कोणतं?

आडनाव सारखं म्हणजे रक्ताचं नातं, असं धरू नका. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे पुष्कळ लोक त्याचं आडनाव घेत. क्लॅनवार ठरलेली टार्टनं बहुतांशी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. मानचिन्ह कुटुंबाचं नसतं, एका व्यक्तीचं असतं; त्याची नोंद एडिनबराच्या लॉर्ड लायन कोर्टात, १६७२ पासूनच्या दप्तरात.

१३. पूर्वज हिंदुस्थानात आला होता. इथले आणि तिथले कागद कसे जोडायचे?

कोणत्या नोकरीत आला ते आधी ठरवा. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर पाहा. १७८९ पासूनच्या कॅडेटांच्या (अधिकारी म्हणून भरती होणाऱ्या तरुणांच्या) कागदांत बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, म्हणजे पॅरिश आयतंच हातात येतं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं त्याच दप्तरात वेगळ्या मालिकेत आहेत. मुंबईचं सेंट अँड्र्यूज हे स्कॉटिश चर्च १८१९ चं, म्हणून त्याआधीचा स्कॉटिश माणूसही अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) वहीतच शोधा.

कंपनीच्या नव्हे, तर ब्रिटनच्या राजाच्या पलटणीतला शिपाई असेल तर वाट लंडनमधल्याच क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे जाते. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत ७४ आणि ७८ या हायलँड पलटणी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढल्या. त्यातले बहुतेक शिपाई अठराव्या शतकात जन्मलेले. निवृत्तिवेतन मिळालेल्या शिपायाच्या कागदावर जन्माचं पॅरिश आणि आधीचा धंदा असतो. लढाईत पडलेल्याचे असे कागद नसतात. त्याच्यासाठी हजेरीपट पाहा.

कुणाच्याही चाकरीत नसलेलेही आले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा जेम्स वेल्स अबर्डीनशरमधल्या पीटरहेडचा. तो १७९५ साली इथेच वारला. अशा माणसाची स्कॉटलंडमध्ये काही मालमत्ता उरली असेल तर टेस्टामेंट एडिनबराच्या कमिसरी कोर्टात शोधा. परदेशी वारलेल्यांचं काम तिथे चाले.

आता सर्वांत कठीण भाग. आई इथली असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिचं नाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. बापाचं मृत्युपत्र जरूर वाचा: तिच्यासाठी ठेवलेली रक्कम किंवा मुलांना शिक्षणासाठी स्कॉटलंडला पाठवण्याची सूचना तिथे येते, कधी नावासकट. ज्या बाईमुळे आपलं घराणं इथे उभं राहिलं तिचा शोध मागे टाकू नका.

१४. तारखांत घोळ आहे. १७५२ च्या कॅलेंडरचा काही संबंध?

थोडासा. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. पण स्कॉटलंडमध्ये वर्ष १६०० पासूनच १ जानेवारीला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या स्कॉटिश तारखा सरळ घ्या. इंग्लंडमध्ये तोवर वर्ष २५ मार्चला बदले. कागद लंडनचा असेल तर एक वर्ष इकडेतिकडे होऊ शकतं.

१५. अक्षर लागत नाही. काय करू?

शतकाच्या उत्तरार्धातलं अक्षर सरावाने लागतं. त्याआधीचं अवघड आहे. त्याच कारकुनाची आणखी चार पानं पाहा. महिन्यांची नावं ओळखीची असतात, त्यांवरून त्याची अक्षरं जुळवा. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडने जुनं अक्षर वाचायचे मोफत धडेही दिले आहेत.

१६. डीएनए चाचणीने काम सोपं होईल का?

अठराव्या शतकातला पूर्वज तुमच्या सात-आठ पिढ्या मागे आहे. एवढ्या अंतरावर त्याचा अंश तुमच्यात मोजण्याइतकाही उरला नसेल. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची चाचणी, सलग पुरुष वारस असतील तर, दोन घराणी एकाच मुळाची आहेत का हे सांगू शकते. ती नाव किंवा पॅरिश सांगत नाही. आधी कागद, मग चाचणी. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीची चाचणी आधी करा, कारण ती एक-दोन पिढ्या जवळची असते.

१७. इंटरनेटवर कुणीतरी १६५० पर्यंतची आमची वंशावळ टाकली आहे. ती घेऊ का?

खूण म्हणून घ्या. प्रत्येक दुव्यापाशी मूळ पानाचा उल्लेख आहे का पाहा. बाप्तिस्मा एका टोकाच्या परगण्यात आणि लग्न दुसऱ्या टोकाला, मध्ये काहीच कागद नाही, असं दिसलं तर बहुधा एकाच नावाची दोन माणसं जोडली गेली आहेत (प्रश्न ४). बाळ लहानपणीच वारल्याची नोंद आहे का हे आधी तपासा. नंतर त्या जोडप्याच्या सगळ्या मुलांची यादी स्वतः करा आणि पहिल्या संशयास्पद दुव्याच्या खाली जेवढं सिद्ध होतं तेवढंच आपल्या वंशावळीत उतरवा.